बोजारा आणि एरंडेल

रात्रपाळी संपवून दामिनी घरी आली तेव्हा व्हरांड्यातल्या दिवाणावर विहंगची निळी बॅग भरून ठेवलेली होती. चेनमध्ये स्वेटरची बाही अडकून बाहेर लोंबत होती. पोळा नुकता काल झाला, अंगाला घाम सुटतोय, आणि बॅगेत स्वेटर! म्हणजे "परीक्षेपर्यंतच नेतो पोराले" असं सासूबाई म्हणत होत्या ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं. नातवाचा हिवाळा पारशिवनीत काढायचं त्यांच्या मनाने कधीच पक्कं केलं होतं.

दामिनीने बाही आत कोंबली, चेन लावली आणि काहीच न पाहिल्यासारखी चप्पल काढली. रात्रभर वॉर्डात पायावर उभी राहिलेली बाई सकाळी सकाळी भांडण उकरून काढत नाही. आधी चहा पिते.

पण चहा नशिबात नव्हता. घरात शिरताच संडासाच्या बंद दाराआडून चिरंजीवांचा आवाज आला.

"मम्मी आली का? मम्मी, मले आखीन येऊन राह्यली!"

दाराबाहेर दोन बाया पहाऱ्याला होत्या. एक तिच्या सासूबाई, सिंधूताई, पारशिवनीहून काल संध्याकाळी बैलांची पूजा आटोपून आलेल्या. दुसऱ्या यमुताई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, ज्यांच्या या नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरात दामिनीचा संसार वरच्या मजल्यावर मांडलेला होता. एकीच्या हातात मग होता, दुसरीच्या हातात टॉवेल, आणि दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या.

"कवापासून चालू हाये?" दामिनीने विचारलं.

"पहाटपासून पोट्टा तिथंच बसून हाये," सिंधूताई म्हणाल्या. "आता म्हणते, मले चहा-बिस्कूट इथीच द्या."

"मी नाई म्हणलं," यमुताईंनी श्रेय घेतलं.

दामिनीने विहंगला धुऊन बाहेर आणलं, पलंगावर आडवं केलं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली. जीभ ओली होती. ताप नाही, उलटी नाही. डोळे खोल गेलेले नव्हते, उलट त्यांत नेहमीची खोडी शाबूत होती. तिने मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून एक घोट पाजला आणि तेवढ्यात पोराच्या शर्टाच्या कॉलरवर सांडलेल्या औषधाचा वास तिच्या नाकात गेला. तिने पुन्हा वास घेतला. मग उठून उभी राहिली.

"सगळे इथी या," ती म्हणाली. "पलंगापाशी. रात्रीची ओव्हर द्या मले."

"कायची ओव्हर?" सिंधूताईंनी विचारलं.

"दवाखान्यात ड्यूटी बदलते, तवा जुनी सिस्टर नव्या सिस्टरले एकेका खाटेपाशी उभी राहून सांगते. पेशंटले काय देल्लं, किती देल्लं, काय राह्यलं. त्याले ओव्हर म्हणते. हा पेशंट. मी आता आली ड्यूटीवर. सांगा, काय देल्लं?"

गोष्ट अशी होती की विहंगला दोन दिवस संडास साफ झालेली नव्हती. काल पुरणपोळीच्या पंगतीत या विषयावर सगळ्या घराने इतकी चर्चा केली होती की शेजाऱ्यांनाही मुलाच्या पोटाची खबर लागली असावी. जेवणं झाली, दामिनी ड्यूटीवर गेली आणि चर्चा थांबली. आता कळत होतं की चर्चा थांबली तेव्हाच खरं काम सुरू झालं होतं.

"एक चमचा एरंडेल," सिंधूताई शेवटी म्हणाल्या. "गरम दुधातून. आमच्या घरी सगळ्याईले असंच देऊन वाढवलं."

यमुताईंच्या हातातला टॉवेल खाली आला. "तू एरंडेल देल्लं? आन मले सांगतलं नाई?"

"तुम्हाले काहून सांगू? तुम्ही म्हणल्या असत्या, खेड्यातले उपाय."

"आता मले काय मालूम!" यमुताई पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी त्याले सिरप देल्लं. मागच्या टायमाले डॉक्टरनं लिहून देल्लं होतं न, ते फ्रिजमधलं. तुह्यासमोर नाई देल्लं, कारण तू शिशीतल्या दव्याले नाकं मुरडते."

दामिनीने सासऱ्यांकडे पाहिलं. मधुकररावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला होता.

"बाबा?"

"मी काई नाई देल्लं."

"आबानं मले मनुका देल्ल्या," पलंगावरून साक्ष आली. "आन काळी पावडर देल्ली. म्हणे, आजीले सांगू नको."

"हरड्याचं चूर्ण होय ते," पेपरामागून उत्तर आलं. "चिमूटभर. आयुर्वेदिक हाये, त्याचं काई होत नाई." हे चूर्ण धाकट्या लेकीच्या, मिनलच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना दिलं होतं. तेव्हापासून ते चूर्ण घरात बंद होतं.

तेवढ्यात दाढीचा साबण तोंडाला लावलेला तिचा नवरा जितेंद्र मोरीतून डोकावला. मौद्याच्या प्लांटवरून तो रात्री उशिरा आला होता.

"अरे, मी बी देल्लं न सिरप. म्हणे पोट दुखते. मले वाटलं, कोणाचं ध्यान नसन."

आता मात्र दामिनीला राहवलं नाही. ती हसायला लागली. रात्रभराच्या जागरणाचं हसू होतं ते, सुरू झालं की थांबत नाही असं. चार शहाणी माणसं, एक लेकरू, आणि प्रत्येकाने बाकीच्यांची नजर चुकवून त्याचं पोट साफ केलेलं. ती भिंतीला टेकून हसत राहिली आणि विहंगही तिच्यासोबत हसायला लागला, पण अर्ध्यात थांबून पुन्हा संडासाकडे पळाला.

"हसून काय राह्यली वं?" सिंधूताईंचा आवाज चढला. "घरची माय घरी असती तर चार जणाईनं दवा देल्ली असती का?"

हसू थांबलं.

*

यमुताईंना खरं तर या वेळी दामिनीची बाजू घ्यायची होती. गेलं वर्षभर त्या घेतच आल्या होत्या. दामिनीने लग्नाआधी नर्सिंगचा डिप्लोमा केला होता. विहंग शाळेत जायला लागला तेव्हा तिने डिग्रीच्या कॉलेजात नाव घातलं, दिवसा कॉलेज आणि रात्री दवाखाना. त्या वेळी घरात सगळ्यात आधी यमुताईच म्हणाल्या होत्या, शीक वं, पोराले मी पाहतो. रात्री विहंग त्यांच्याच कुशीत झोपायचा. पोटचं मूल नसलेल्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं?

पण आज त्यांना लागलं होतं. आपल्याच घरात, भावजयीच्या देखत, आपल्याला पलंगाशी उभं करून कालच्या सुनेने जाब विचारावा! आणि वर हसावं!

"पुढच्या हप्त्यापासून तिले कन्हानले जा लागते," सिंधूताई सगळ्यांना ऐकवत होत्या. "तिथल्या सरकारी दवाखान्यात, महिनाभर. घरोघरी जाऊन बायाईले शिकवणार हाये, पोरं कशी सांभाळाव. आन घरचं पोरगं?"

"आई, ते डिग्रीतच असते," दामिनी म्हणाली. "सगळ्याईले करा लागते."

"करा न मंग. मी नको म्हणून राह्यली का? मी तं मदतच करून राह्यली. पोराले घेऊन जातो, तू मोकळी. पारशिवनीत शाळा नाई का? तिथली पोरं पोरं नाई का?"

"विचारलं कोणाले? बॅग भरली तवा विचारलं कोणाले?"

"जितूले विचारलं."

सगळ्यांनी जितेंद्रकडे पाहिलं. अर्धी दाढी झालेल्या माणसाला तसंही बाजू घ्यायला जमत नाही.

"मी फक्त म्हणलं का, परीक्षेपर्यंत असन तं..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "तू बी तं थकून राह्यली न दामिनी. काल पोळ्या लाटता लाटता झोपली म्हणे तू."

दामिनीने यमुताईंकडे पाहिलं. यमुताईंना ती नजर कळली. आता तुम्ही बोला आत्या, असं ती नजर म्हणत होती. आणि यमुताईंच्या तोंडून जे निघालं त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"ने, सिंधू. ने पोराले. मी बी थकली आता. उद्या आखीन कोणी ओव्हर मागन मले."

मधुकररावांनी पेपराचं पान उलटलं, ते आधीच वाचून झालेलं पान होतं.

"मी ही डिग्री काहून करून राह्यली, हे कोणाले मालूम हाये का?" दामिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण यमुताईंनी तिला असं बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "हौस म्हणून? डिग्री झाली का कॉलेजात ट्यूटरची नोकरी भेटते. दिवसाची. माह्या मॅडमनं सांगून ठेवलं हाये, तू पास हो फक्त. पोराच्या बाजूले झोपाले भेटाव, म्हणून मी रात्री जागून राह्यली. आन त्याच रात्री सरत आल्या, तवा तुम्ही पोरगाच घेऊन चालल्या."

"कोणी हिरावून घेऊन राह्यलं का?" सिंधूताई म्हणाल्या, पण आवाजातला जोर गेला होता.

"मले परीक्षा बी पायजे आन पोरगा बी पायजे. दोन्ही. यातलं एक बी सोडत नाई मी."

यमुताईंना वाटलं, आता उठावं आणि म्हणावं, राहू दे सिंधू, मी रागात बोलली. पण बोललेला शब्द गिळायची त्यांना सवय नव्हती. आणि तेवढ्यात फाटकाबाहेर ताशा वाजला. गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल ओढत जमली होती.

"विहंग! चल न बे! तान्हा पोळा सुरू होऊन राह्यला!"

"दुपारची बस हाये," मधुकरराव घसा साफ करून म्हणाले. सकाळपासून त्यांचं हे पहिलं खरं मत होतं. "पाहू तवाचं तवा. आधी बैल तं सजवा."

पण बैल सजवायचं राहिलंच नव्हतं. पारशिवनीच्या रुपराव सुताराकडून मधुकररावांनी खास करवून आणलेला तो सागवानी नंदी विहंगने सकाळी संडासाच्या फेऱ्यांमध्ये वेळ काढून आपल्या परीने सजवला होता. दामिनी सरावासाठी घरी आणायची ते लांब बँडेज त्याने बैलाच्या पुढच्या पायाला गुंडाळलं होतं, उरलेलं डोक्याला. शिंगांच्या मधोमध कापसाचा बोळा चिकटवला होता.

"हे काय केलं बापू?" मधुकररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "झूल कुठी? बेगड कुठी?"

"तो भरती हाये," विहंग म्हणाला. "पेशंटले झूल नाई घालत."

*

मारुतीच्या देवळासमोरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. त्याखाली गल्लीतले बैल ओळीने उभे होते. कोणाच्या बैलावर मखमली झूल, कोणाच्या पाठीवर दिवे लुकलुकणारे. एका घरचा बैल तर इतका मोठा होता की त्याला ओढायला पोराचा बाप आणि काका जुंपले होते. पोरांपैकी कोणी शेतकरी झालं होतं, कोणी मावळा.

सिंधूताई विहंगचं बोट धरून उभ्या होत्या. बोट इतकं मऊ होतं की त्यांना भीती वाटत होती, आपल्या खरबरीत हाताने ते दुखेल. मैदानाच्या कडेला भिंतीला टेकून दामिनी उभी होती, हातात पाण्याची बाटली. उभ्या उभ्याच झोपली होती ती. पण विहंगने "मम्मी" म्हटलं की डोळे उघडायचे, बाटली पुढे यायची, एक घोट पोराच्या पोटात जायचा आणि डोळे पुन्हा मिटायचे. सिंधूताईंनी हे तीन-चारदा पाहिलं. आपण कापणीच्या दिवसांत असं उभ्याने झोपायचो, ते त्यांना आठवलं. तेव्हा आपल्याला कोणी सून म्हणून दोन शब्द गोड बोललं नव्हतं, हेही आठवलं.

"पारशिवनीले येशीन न बापू माह्यासोबत?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव."

"बोरीचं झाड हाये तिथी. बकरीचं पिल्लू हाये. राहशीन न?"

"राहीन. मम्मी ड्यूटीवरून तिथीच येईन न मंग सकाळी?"

सिंधूताईंनी त्याच्या टोपीचा कोपरा सरळ केला. तो सरळच होता.

परीक्षक म्हणून आलेले भैयाजी, गल्लीतले निवृत्त मास्तर, एकेका बैलापाशी थांबत होते. बँडेजवाल्या नंदीपाशी येऊन त्यांनी चष्मा वर केला.

"काय झालं गा याले?"

"फ्रॅक्चर," विहंग म्हणाला.

"मंग घरी ठेवाचा होता न."

"घरी कोणी नाई राहत त्याच्याजवळ. म्हणून सोबत आणला."

लोक हसले. भैयाजींनी पाठीवर थाप दिली, बक्षीस मात्र दिवे लुकलुकणाऱ्या बैलालाच गेलं. विहंगला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याचं लक्ष बोजाऱ्याकडे होतं. तोरण तुटलं की पोरांनी आपापला बैल घेऊन घरोघरी जायचं, घरच्या बायांनी बैलाची पूजा करायची आणि पोराच्या हातात बोजारा ठेवायचा, पैसे असोत की खाऊ. तान्ह्या पोळ्यात पोरांचा खरा जीव तिथेच अडकलेला असतो.

पोरांचं टोळकं गल्लीच्या वरच्या टोकाकडून निघालं, मागे जितेंद्र. बाकीची मोठी माणसं आधीच घरी परतली, कारण टोळकं आपल्याही दाराशी येणार होतं. यमुताईंनी हळद-कुंकवाचं ताट केलं, चिवडा-लाडवाच्या पुड्या बांधल्या, आणि ताट न बोलता सिंधूताईंच्या हातात दिलं. घर यमुताईंचं असलं तरी आज नातवाच्या आजीचा मान होता. तेवढी समज त्यांना रागातही होती.

टोळकं आलं. सिंधूताईंनी दारात बसून एकेका बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, पुड्या वाटल्या. पोरं बोजारा घेऊन पुढच्या घराकडे पळाली. शेवटी विहंग उरला. एका हातात नंदीची दोरी, दुसऱ्या हातात चपला. उंबऱ्याबाहेर तो ताठ उभा होता.

"ये न बापू आत," सिंधूताई म्हणाल्या.

"असं नाई. आधी पूजा."

त्यांनी नंदीच्या बँडेजवर कुंकू लावलं, हातात पुडी दिली. तरी तो आत येईना. सकाळपासून एवढी दारं फिरून आलेला, आता त्याला सगळं रीतसर पाहिजे होतं. त्याने मान वर केली आणि परक्या घरी विचारावं तसं विचारलं, "येऊ का आत?"

मधुकरराव हसले. दामिनी दाराला टेकून उभी होती, तीही हसली. यमुताईंच्या चेहऱ्यावरही सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "मीच शिकवलं त्याले," त्या म्हणाल्या. "कोणाच्या घरात विचारल्याबिगर शिरू नाई."

सिंधूताई मात्र हसल्या नाहीत. ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"जितूले बी तुम्हीच शिकवलं होतं, यमुताई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शाळेसाठी तुमच्याकडे ठेवला न, तवा पहिल्या दिवाळीले घरी आला होता. एवढाच होता. याच्याहून दोन बोटं उंच असन. तुम्ही शिवलेला नवा शर्ट होता आंगात. मी दारात सडा टाकून राह्यली होती. तो बसवरून आला, जोडे काढून हातात घेतले आन बाहेरच उभा राह्यला. मले म्हणे, आत येऊ का?"

मधुकररावांनी चष्मा काढला. त्या दिवशी बसस्टँडवरून पोराला घरी घेऊन आलेले तेच होते.

"सगळे म्हणाले, पाहा, नागपूरनं कसं वळण लावलं पोराले. मी बी हसली. आन गोठ्यात जाऊन रडली. त्या दिवसापासून पोरगा घरी येते तं पाहुणा येते. पाणी पाह्यजे तरी विचारते. सकाळी आपलं अंथरूण घडी करून ठेवते. आईच्या घरी कोणी अंथरूण घडी करते का? मले एकदा बी त्याले रागवाले भेटलं नाई. पाहुण्याले कसं रागवाव?"

यमुताईंचं तोंड उतरलं. "मी काई कमी केलं का सिंधू त्याचं?"

"नाई. तुम्ही काहीच कमी नाई केलं. म्हणूनच तं तो वापस नाई आला."

हे वाक्य सिंधूताईंच्या पोटात इतकी वर्षं होतं की बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःलाच हलकं वाटलं. यमुताई त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. पदराने डोळे पुसले आणि वर म्हणाल्या, "एवढी वर्षं काहून नाई बोलली वं मले? भांडली असती तं."

"तुम्ही मोठ्या. आन शाळा चांगली होती नागपूरची. काय म्हणून भांडू?"

दामिनी खाली बसली. सकाळचा राग अजून तिच्या आवाजात होता, तरी तिने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, हे सगळं तुम्हाले मालूम होतं. आन तरी बी तुम्ही याची बॅग भरली?"

"भरली," सिंधूताई म्हणाल्या. "मले वाटलं, या पोराले तरी माह्या हातानं वाढवाव. एक पोरगं तं माह्या दारात न विचारता शिराव." त्यांनी नाक पुसलं. "पण मंग हा तुह्या दारात विचारत उभा राहीन. ते मले नाई पाह्यजे. ते मी कोणाले होऊ देत नाई."

"मंग?"

"मंग काय? पोरगा राहीन इथीच. मीच राह्यतो. तुही परीक्षा होतपर्यंत." आणि मग आठवून त्यांनी नणंदेकडे पाहिलं. "यमुताई ठेवत असन तं."

"माह्या घरात राहशीन?" यमुताईंनी विचारलं. "माह्या सिरपसकट?"

"राहीन."

"एरंडेल नाई पण," दामिनी म्हणाली.

"नाई."

"आन कोणी काई देल्लं तं दुसऱ्याले सांगाचं."

"सांगीन वं माय. ओव्हर देईन. झालं?"

"आन मी?" मधुकररावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "मले पारशिवनीत रांधून कोण देईन?"

"तुमच्या चूर्णावर राहा," त्यांच्या बहिणीने सांगितलं.

दामिनीला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. दोन्ही तिने एकाच पदरात पुसलं. कन्हानची वेळ जमेल, परीक्षा जमेल, रात्री तर आता थोड्याच उरल्या. आणि घरी आल्यावर पोरगा घरीच असेल. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी तिला इतकी झोप आली की तिथल्या तिथे आडवं व्हावंसं वाटलं.

या सगळ्या गोंधळात विहंग तिथेच उभा होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"येऊ का नाई ते सांगा न कोणी! पाय दुखून राह्यले माहे!"

सिंधूताईंनी ताट बाजूला ठेवलं. दोन्ही हातांनी नातवाला, चपला आणि नंदीसकट, उंबऱ्याच्या आत ओढलं.

"तुले विचारा लागत नाई बापू. हे घर तुहं हाये. कवाच विचारा लागत नाई."

पोरांना शेवटच्या घरापर्यंत पोचवून जितेंद्र केव्हाचा पायरीशी येऊन उभा राहिला होता. सगळ्यांचं लक्ष विहंगकडे होतं, त्यामुळे त्याने किती ऐकलं ते कोणालाच कळलं नव्हतं. त्याने चप्पल काढली आणि ती हातात घेऊन तो तसाच थांबला.

"आन पारशिवनीच्या घरी, आई?" त्याने विचारलं.

सिंधूताईंनी नातवाला सोडलं आणि लेकाकडे पाहिलं.

"तिथी तं तुले तवाबी विचारा लागत नव्हतं रे, जितू."